अभ्यासासाठी गाड्या ढकलू नयेत

उभी गाडी ढकलायला किती जोर लागतो, असं वसाहतीत कुणालाही विचारलं तर "लागतो थोडा" असं उत्तर मिळायचं. एकतीस वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढलेल्या सुन-इमला "थोडा" हे माप मान्य नव्हतं. म्हणून ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी सात वाजता ती न्हाणीघरातला वजनकाटा पोटाशी धरून चौदाव्या मजल्यावरून खाली आली, एका काळ्या गाडीच्या पाठीला तो उभा टेकवला आणि त्याला दोन्ही तळवे लावून ढकलायच्या तयारीत उभी राहिली.

पहारेकरी हामदादा आपल्या चौकीतून बघत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, बोलायचा कमी, पण बघायचा सगळं.

"चौदाशेतीनच्या ताई, गाडीचं वजन करताय?"

"जोर मोजतेय."

"कुणाचा?"

"माझा."

"मग काट्यावर उभं राहायचं असतं, ताई."

सुन-इमनं हे मनावर घेतलं नाही. ती पदवीचा अभ्यास करत होती आणि शिकणाऱ्या माणसाला लोक हसतात हे तिनं गृहीत धरलं होतं. पदवी होती पोलीस प्रशासन आणि सार्वजनिक सुरक्षा या विषयाची. घरबसल्या, संगणकावर, दूरस्थ विद्यापीठातून. हे ऐकून लोक एकदा हसत आणि विद्यार्थिनीचं वय सत्तावन्न आहे हे ऐकून दुसऱ्यांदा. नवरा ते-ग्यू यानं तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आता तू चोर पकडणार का?" त्यावर ती म्हणाली होती, "हळू पळाला तर पकडीन." तेव्हापासून साडेतीन वर्षं झाली होती. फौजदारी कायदा झाला, तपासशास्त्र झालं, आपत्ती व्यवस्थापन झालं. संख्याशास्त्रात तर पोलिसात जाऊ पाहणारी बावीस वर्षांची पोरं तिला रडकुंडीला येऊन फोन करत. आता उरलं होतं एक प्रात्यक्षिक: आपल्या परिसरातला एक धोका निवडा, चौदा दिवस मोजा, उपाय सुचवा आणि परिसराच्या जबाबदार संस्थेचा शिक्का घेऊन या. शिक्का नाही तर गुण नाहीत. गुण नाहीत तर फेब्रुवारीत पदवी नाही.

जबाबदार संस्था म्हणजे रहिवासी समिती, आणि शिक्का असायचा समितीचे अध्यक्ष गु बोन-चोल यांच्या खिशात. गु हे बँकेच्या शाखेचे निवृत्त व्यवस्थापक. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे शाखा उरली नव्हती, पण व्यवस्थापन बरंच शिल्लक होतं.

धोका शोधायला सुन-इमला लांब जावं लागलं नाही. एकशे तीन क्रमांकाच्या इमारतीसमोर जमिनीवर पिवळ्या रंगानं मोठा चौकोन काढला होता आणि आत लिहिलं होतं, 'अग्निशमन गाडीसाठी राखीव'. त्या चौकोनात अग्निशमन गाडी सोडून सगळ्या गाड्या उभ्या असत.

याला कारण होतं. वसाहत पस्तीस वर्षांपूर्वीची. घरं चारशे ऐंशी आणि गाड्या लावायच्या जागा तीनशे दहा. सातनंतर घरी येणारा माणूस दुसऱ्यांच्या गाड्यांच्या मागे आपली आडवी लावतो, चाकं सरळ करतो, गियर मोकळा ठेवतो, हातब्रेक सोडतो आणि घरी जाऊन जेवतो. सकाळी ज्याला निघायचं असेल त्यानं ती ढकलायची, वाट करायची आणि जायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट हातब्रेक ओढून गेलेल्या माणसाची आठवण लोक वर्षानुवर्षं काढतात. नऊशेदोनच्या पार्कनं सहा वर्षांपूर्वी चुकून ओढला होता, अजून त्याच्या घरी कुणी किमचीचा डबा पाठवत नाही. वसाहतीत सभ्यतेची कसोटी हीच: तुमची गाडी अनोळखी माणसाला ढकलता आली पाहिजे.

आता आग लागलीच तर अग्निशमन दलाच्या लोकांनी आधी सात गाड्या ढकलायच्या का, हा सुन-इमचा प्रश्न होता. एक गाडी ढकलायला किती जोर आणि किती वेळ, त्याला सातानं गुणायचं, आणि तेवढ्या वेळात आग किती मजले चढते ते शेजारी लिहायचं. सरळ हिशोब होता. म्हणून काटा.

ती ढकलू लागली. काट्यावर चोवीस किलो आले. तिनं मनात नोंद केली. गाडी हलली तसे अकरा आले. मग सहा. मग शून्य. शून्य बघून तिला आधी काटा बिघडला असं वाटलं. तिच्या लक्षात आलं नव्हतं ते असं की पिवळा चौकोन सपाट होता, पण तो संपला की जमीन कोपऱ्याकडे उतरत होती. शून्याचा अर्थ, गाडीला आता सुन-इमची गरज राहिली नव्हती.

"ताई," हामदादा उठून उभे राहिले, "ती चालली."

"दिसतंय मला." तिनं आधी घड्याळ बघितलं, वहीत वेळ लिहिली आणि मग धावली. हा क्रम पुढं तिच्याविरुद्ध फार वापरला गेला.

गुरुवार हा वसाहतीत कचरा वेगळा करून ठेवायचा दिवस. कोपऱ्यात पुठ्ठे, बाटल्या, डबे आणि थर्माकोल यांचे चार डोंगर उभे होते. गाडी नशीबवान, ती थर्माकोलच्या डोंगरात शिरली, हळूच, सवयीनं गेल्यासारखी. मासळीच्या खोक्यांचा ढीग तिच्यावर कोसळला आणि सगळं शांत झालं. गाडीला एक ओरखडा नव्हता. पण थर्माकोलचा चुरा स्थिर विजेमुळे काळ्या रंगाला चिकटला. तो पुसला की जास्त चिकटतो, कारण पुसण्यानं वीज वाढते. सुन-इमनं गाडीच्या मालकाला हे कारणांसकट समजावून सांगितलं. ऐकताना अध्यक्ष गु यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. गाडी त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी ते-ग्यू आणि सुन-इम रात्रीचं जेवत असताना छतातला कर्णा खरखरला. हा कर्णा प्रत्येक घरात बैठकीच्या खोलीत असतो आणि तो बंद करायची सोय नसते.

"व्यवस्थापन कार्यालयाची सूचना. एकशे तीनमधील काही रहिवासी अभ्यासाच्या नावाखाली इतरांच्या गाड्या ढकलत असल्याचं आढळलं आहे. गाडी बाहेर काढण्यासाठी ढकलणे योग्य आहे. अभ्यासासाठी गाड्या ढकलू नयेत. धन्यवाद."

ते-ग्यूचा चमचा सूपात थांबला. "काही रहिवासी म्हणजे किती गं?"

"एक."

"चारशे ऐंशी घरांत ऐकू गेलं."

"जाऊ दे. माझं नाव नाही घेतलं."

"नाव कशाला घ्यायला पाहिजे? अख्ख्या वसाहतीत अभ्यास करणारी दुसरी बाई कोण आहे?"

हे खरं होतं आणि म्हणूनच झोंबलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये अकराव्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थानं तिला वाकून नमस्कार केला आणि ते म्हणाले, "माझी पांढरी आहे, ताई. तिला सोडा." तळमजल्यावर बाहेर पडताना सुन-इम म्हणाली, "पांढरीचा नंबर माझ्याकडे आहेच. आठवड्यातून चार दिवस पिवळ्यात असते."

चौदा दिवसांचं मोजमाप तिनं पुरं केलं. आता काट्याशिवाय, नुसतं बघून. सरासरी पाच पूर्णांक सहा गाड्या. तक्ता घेऊन ती अध्यक्षांकडे गेली. गु यांनी तक्ता टेबलावर सरळ केला, कोपरे जुळवले आणि वाचला नाही.

"ताई, धोका आहे, मी नाही म्हणत नाही. पण धोका लिहून ठेवला की घरांच्या किमती पडतात. तुम्ही असं करा, एकशे एकच्या जिन्याखाली दिवा गेलाय. अंधार असतो. बायकामाणसांना भीती वाटते. तो घ्या धोका म्हणून. मी उद्या दिवा बसवतो, परवा शिक्का देतो. हवे तर दोन देतो."

"तो दिवा गेला नाहीये. मी काल बघितला."

"मग काढतो की."

हे अध्यक्ष अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. सुन-इमनं तक्ता उचलला.

तिच्या प्राध्यापकांचंही मत दिव्याच्या बाजूनं पडलं. ते चौतीस वर्षांचे होते, पडद्यावर नेहमी थकलेले दिसत आणि तिला "मॅडम" म्हणत. "मॅडम, बावन्न विद्यार्थी आहेत. त्यातल्या एकतीस जणांनी दिवाच घेतलाय. पास व्हा ना तुम्ही."

"सर, आग लागली तर मी त्यांना सांगू का, की दिवा चालू आहे?"

प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं.

मग कचेऱ्या. वॉर्ड कार्यालयात सांगितलं की वसाहतीच्या आतला रस्ता खाजगी आहे. व्यवस्थापन कार्यालयात सांगितलं की रस्ता समितीचा आहे. कायद्याच्या मदतकेंद्रातल्या मुलीनं फोनवर फार गोड आवाजात सांगितलं की राखीव जागेच्या दंडाचा नियम नव्या इमारतींना लागू आहे, जुन्यांना नाही. "म्हणजे जुन्या इमारतींना आग लागत नाही?" असं सुन-इमनं विचारल्यावर मुलगी म्हणाली, "ही नोंद मी वर कळवते." शेवटी अग्निशमन केंद्रातल्या एका जाड्या अधिकाऱ्यानं वाट दाखवली: तीस घरांच्या सह्या आणा, आम्ही गाडी घेऊन सरावाला येतो, शिरली तर शिरली, नाही तर नाही, कागदावर येईल. सराव झाला की त्याच्या अहवालावर समितीला शिक्का मारावाच लागतो. सुन-इमला हेच पाहिजे होतं. शिरणार नाही हे तिला दशांशासकट माहीत होतं.

सह्यांना ती दारोदार फिरली. दहा घरांत तिला दहा पिकलेली पर्सिमन फळं मिळाली आणि सही एकही नाही. सगळे कागद हातात घेत, वरची ओळ रिकामी बघत आणि विचारत, "अजून कुणी केली नाही वाटतं?" आणि मग कुणाला गॅसवरचं आठवे, कुणाला चष्मा सापडत नसे.

हामदादांनी तिला चौकीत बोलावून गरम बार्लीचा चहा दिला. "ताई, वरची ओळ म्हणजे मोठ्यांची जागा. अध्यक्षांच्या आधी कोण सही करील? तुम्ही वरच्या तीन ओळी सोडा आणि चौथीपासून घ्या. लोकांना वाटेल, वरची माणसं ठरलेली आहेत."

"हे फसवणं झालं, हामदादा."

"कुठं? तुम्ही काही बोलायचं नाही. रिकामी जागा काय बोलते ते बोलू दे."

दोन दिवसांत चव्वेचाळीस सह्या झाल्या. केंद्रावरच्या अधिकाऱ्यानं मात्र कागद परत केला: एक ते तीन क्रमांक रिकामे, अर्ज अपूर्ण. एक सही सुन-इमनं केली, एक ते-ग्यूनं, तीही दोघांनी नम्रपणे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवर. पहिली ओळ घेऊन ती महिला मंडळाच्या प्योनबाईंकडे गेली. प्योनबाई अंगणात दोनशे कोबी मिठात घालत होत्या.

"गु यांची सही कुठाय?"

"नाही केली."

"म्हणजे माझी त्यांच्या वर येईल?"

"त्यांची येणारच नाही."

प्योनबाईंनी रबरी हातमोजे काढले. गु आणि त्यांच्यात चार वर्षांपासून कचऱ्याच्या जागेवरून बोलणं बंद होतं. त्यांनी पहिल्या ओळीवर एवढी मोठी सही केली की ती दुसरीत उतरली. "सरावाचं सगळं माझ्याकडे सोड," त्या म्हणाल्या. सुन-इमला हायसं वाटलं. साडेतीन वर्षांच्या सुरक्षा-शिक्षणात तिला कुठंच शिकवलं नव्हतं की प्योनबाईंसारखी मदत आली की सावध व्हायचं असतं.

सरावाचा दिवस, दुपारचे तीन. सुन-इम वही घेऊन खाली आली आणि थबकली. पिवळा चौकोन मोकळा होता. नुसता मोकळा नव्हे, धुतलेला होता. वर कापडी फलक लावला होता: 'सुरक्षित वसाहत, सुखी कुटुंब'. त्याखाली टेबलावर चहा आणि तांदळाच्या वड्या मांडल्या होत्या. प्योनबाईंनी आदल्या दिवसापासून घरोघर फोन केले होते. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायचं नाही, असं या वसाहतीत कधी झालं नव्हतं. आणि प्योनबाईंनी पुढाकार घेतला म्हटल्यावर अध्यक्ष मागं राहतील कसे? त्यांनी स्वतः सकाळी पाच गाड्या ढकलून बाहेर काढल्या होत्या, आणि कोटाच्या बाह्या अजून वर होत्या.

लाल गाडी आली. घंटा वाजवत आत शिरली, चौकोनात अचूक उभी राहिली. टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यानं वड्या खाल्ल्या, "आदर्श वसाहत" असं म्हणाला आणि अहवालावर लिहिलं: अडथळा नाही, धोका आढळला नाही.

गु यांनी तिथंच खिशातून शिक्का काढला आणि खाली मारला. मग अहवाल दोन्ही हातांनी सुन-इमपुढं धरला.

"घ्या ताई. झाली तुमची पदवी."

लोक बघत होते. ते-ग्यू डोळ्यांनी सांगत होता, घे. प्योनबाई फोटो काढायला फोन वर करून उभ्या होत्या. कागदावर शिक्का होता, लालभडक, वाळायचा बाकी. महिनाभर तिनं ज्याच्यासाठी वणवण केली, तो एका हाताच्या अंतरावर होता. त्याच्या वरच्या ओळीत मात्र धडधडीत खोटं होतं. लाल गाडी तिच्यादेखत फाटकाबाहेर पडली, तसं तिनं घड्याळ बघितलं. तीन वाजून अठरा मिनिटं. तिनं कागद घेतला नाही. वही उघडली आणि उभी राहिली.

तीन बाविसाला एक काळी गाडी चौकोनात आली. अध्यक्षांच्या मुलानं ती नेहमीच्या जागी लावली, चाकं सरळ केली आणि हातब्रेक सोडला. चाळिसाला सहा गाड्या होत्या.

"अध्यक्षसाहेब," सुन-इमनं वही पुढं केली, "याच्यावर मारा शिक्का. मग दोन्ही कागद घेते."

"हे सरावात येत नाही."

"आग पण सरावात येत नाही."

गु यांनी शिक्का रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. त्या दिवसाच्या वड्या मात्र सुन-इमला कुणी दिल्या नाहीत.

तिनं अहवाल शिक्क्याशिवाय पाठवला. डिसेंबरात निकाल लागला: नापास. प्राध्यापकांनी खाली लिहिलं होतं, "मोजमाप उत्कृष्ट. नियमामुळे नाइलाज." एकतीस दिवे पास झाले. फेब्रुवारीत पदवीदान झालं, ते तिनं पडद्यावर संत्रं सोलत बघितलं.

"आता?" ते-ग्यूनं विचारलं.

"मार्चमध्ये परत बसणार."

"दिवा घेऊन?"

तिनं संत्र्याची फोड त्याच्या हातावर ठेवली. "पिवळा चौकोन घेऊन."

मार्चच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता ती वही घेऊन चौकोनाच्या कडेला उभी राहिली. तीन गाड्या. नंबर लिहिले. मंगळवारी दोन. बुधवारी एक, आणि तीही तिला बघून मागं वळली. गुरुवारपासून शून्य.

"काय झालं, हामदादा?"

"लोक म्हणतात, चौदाशेतीनच्या वहीत नंबर गेला की वर्षभर डोकं उठतं. त्यापेक्षा शाळेमागं लावून चालत आलेलं बरं."

तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाली पंचाईत. धोकाच नाही तर मोजायचं काय? पाणी तपासताना पाण्याला कळत नाही की आपल्याला तपासतायत. म्हणून तिची एकतीस वर्षं सुखात गेली होती. माणसांचं तसं नाही. तेव्हा तिनं प्रयोगशाळेत केलं असतं तेच केलं. दोन दिवस खाली गेलीच नाही, चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीतून दुर्बिणीनं बघत बसली. पहिल्या दिवशी दोन गाड्या, दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी खाली उभी राहिली: शून्य. परत वर: चार. परत खाली: शून्य. कारण सिद्ध झालं होतं. इतका स्वच्छ निष्कर्ष तिला नोकरीतही कधी मिळाला नव्हता.

अहवाल घेऊन ती गु यांच्याकडे गेली. त्यांनी या वेळी मात्र पहिल्या ओळीपासून वाचला.

"'उपाय : बाई एक, वही एक.' ही चेष्टा आहे का?"

"शेजारचे आकडे बघा."

त्यांनी बघितले. माणूस बँकेतला होता. आकडा खरा आहे की बनवलेला, हे त्यांना कागद हातात घेतल्याबरोबर कळत असे. त्यांचं बोट रकान्यांवरून खाली सरकत गेलं. मग ते एका जागी थांबलं आणि चेहऱ्यावर थोडी आशा आली.

"हा रकाना रिकामा आहे. 'उपाय किती काळ चालू राहील?' रिकाम्या रकान्यावर मी शिक्का मारत नाही. जूनपर्यंत लिहा. तोवर तुमचा अभ्यास संपेलच."

सुन-इमनं पेन घेतलं. क्षणभर विचार केला. तिची आई त्र्याण्णव वर्षं जगली होती आणि शेवटपर्यंत स्वतः बाजारात जात होती. सुन-इमला नुकतंच अठ्ठावन्न लागलं होतं. तिनं वजाबाकी केली आणि लिहिलं: पस्तीस वर्षे, अंदाजे.

अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं.

"अंदाजे म्हणजे?"

"कमी-जास्त होऊ शकतं," सुन-इम म्हणाली. "आजी सत्त्याण्णव जगली."

गु यांनी रुमाल सोडला, शिक्का तोंडाजवळ नेला, त्यावर एक लांब श्वास सोडला आणि कागदावर दाबला.